समाजशास्त्राची वरची पदवी : कोणीं, कोठें व कशासाठीं घ्यावी ?

शेतकऱ्याच्या घरांत बैल घ्यावयाचा झाला, तर घरधनी चार बाजार पालथे घालतो. दांत पाहतो, खूर पाहतो, जुंपून पाहतो, आणि मगच पदरचा पैसा सोडतो. परंतु त्याच घरांतील मुलाला किंवा मुलीला बी. ए. झाल्यावर आणखी दोन वर्षें शिकवावयाचें झालें, म्हणजे ही सारी पारख कोठें जाते कोण जाणे ! शेजारच्या पोरानें जेथें अर्ज भरला तेथेंच आपणही भरावा, ज्या विषयाला जागा शिल्लक असेल तो विषय घ्यावा, आणि पुढचें पुढें पाहूं म्हणावें, असा प्रकार आम्ही दरसाल पाहतों. समाजशास्त्राच्या वांट्याला तर हेंच आलें आहे कीं, ज्याला दुसरें कांहीं मिळालें नाहीं त्यानें तें घ्यावें. आमचें म्हणणें याच्या अगदीं उलट आहे. शेतकरी-कारागिरांच्या मुलांनीं हा विषय जरूर घ्यावा. पण उरलासुरला म्हणून नव्हे, पारखून घ्यावा. ती पारख कशी करावी, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

आमचें स्वतःचें शिक्षण अध्यापक विद्यालयापुरतें. पण गांवच्या शाळेंत वीस वर्षें हजेरी घेणाऱ्या माणसाला कांहीं गोष्टी आपोआप कळूं लागतात. कोणत्या महिन्यांत कोणत्या वस्तीवरचीं मुलें पटावरून गळतात, कोणत्या घरची मुलगी सातवीनंतर दिसेनाशी होते, हें हजेरीपटच सांगतो. तें कां होतें, हें मात्र हजेरीपट सांगत नाहीं. हा ‘कां’ ज्याच्या मनांत ठाण मांडून बसला, त्याच्यासाठीं हें शास्त्र आहे.

कोणी म्हणेल, "समाज काय शिकावयाचा ? आम्ही जन्मापासून त्यांतच राहतों." खरें आहे. पण कुंभाराला माती कळते, चाक कळतें. मडकीं खपेनाशीं कां झालीं, तो पैसा कोणाच्या दुकानीं गेला, आणि आपलीं पोरें वीटभट्टीवर कां गेलीं, हें मातींत हात घालून कळत नाहीं. त्यासाठीं दहा गांवचे कुंभार मोजावे लागतात, त्यांना विचारावें लागतें, मागचे कागद चाळावे लागतात.

याचें एक जुनें उदाहरण घ्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरोल्ड मॅन यांनीं पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गांवाची पाहणी केली व ती १९१७ सालीं प्रसिद्ध केली. त्या गांवीं एका खातेदाराकडे सरासरीनें १७७१ सालीं ४० एकर जमीन होती. १८१८ सालीं साडेसतरा एकर झाली. आणि १९१५ च्या सुमारास अवघी ७ एकर उरली. वांटण्या होऊन जमीन तुटत जाते, हें त्या गांवच्या प्रत्येक म्हाताऱ्याला ठाऊक होतें. पण जोंवर तें कोणीं मोजलें नव्हतें तोंवर ती नुसती हळहळ होती. मोजल्यावर तो पुरावा झाला. पुढच्याच वर्षीं, १९१८ सालीं, बाबासाहेब आंबेडकरांनीं लहान धारणांच्या प्रश्नावर इंग्रजींत निबंध लिहिला आणि बजावलें कीं, नुसते तुकडे जोडून भागणार नाहीं. शेतीवर बसलेलीं जादा माणसें उद्योगधंद्यांत गेलीं पाहिजेत. आज त्याच पिंपळे सौदागरांत उंच उंच इमारती उभ्या आहेत. जमीन विकून आलेला पैसा कोणाच्या घरीं किती दिवस टिकला, हाही आतां मोजण्यासारखाच प्रश्न आहे. तो कोण मोजणार ?

जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हां या देशांत कोणत्याही विद्यापीठांत समाजशास्त्राचा विभाग नव्हता. मुंबई विद्यापीठांत तो १९१९ सालीं पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखालीं निघाला. आणि त्याच १९१९ सालीं कऱ्हाडजवळ काले या गांवीं भाऊराव पाटलांनीं रयत शिक्षण संस्था काढली. म्हणजे एकीकडे समाजाचा अभ्यास विद्यापीठांत बसला, आणि दुसरीकडे ज्यांचा अभ्यास व्हावयाचा त्यांच्या पोरांच्या हातीं पाटी आली. त्या पाटीपासून त्या विभागापर्यंतची वाट आपण शंभर वर्षें चालत आहों. पण आमच्यासारख्या खेड्यांतून शेवटपर्यंत पोहोंचलेले अजून बोटांवर मोजावे लागतात.

तोंवर आपल्याविषयीं इतरांनीं लिहिलें, आणि कित्येकांनीं फार चांगलें लिहिलें. एम्. एन्. श्रीनिवास हे १९४८ सालीं म्हैसूरकडील एका खेड्यांत राहिले. त्यांचीं टिपणें १९७० सालीं अमेरिकेंत लागलेल्या आगींत सांपडलीं, तेव्हां त्यांनीं आठवणीचा आधार घेऊन त्या खेड्यावर ग्रंथ लिहिला, तो १९७६ सालीं निघाला. त्याच सालीं गेल ऑम्व्हेट यांचा ब्राह्मणेतर चळवळीवरचा ग्रंथ निघाला. अमेरिकेंत जन्मलेल्या या बाईंनीं बर्कले येथील विद्यापीठांतून १९७३ सालीं समाजशास्त्रांत डॉक्टरेट मिळविली, पुढें सांगली जिल्ह्यांतील कासेगांवीं संसार मांडला, आणि २०२१ सालीं त्या वारल्या. १८७३ पासून १९३० पर्यंत आपल्या आजे-पणज्यांनीं जी चळवळ केली, तिची सांगड सातासमुद्रांपलीकडून आलेल्या बाईंनीं घालून दिली, याबद्दल त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे. पण आपल्या घरचे कागद आपल्या पोरांनीं कां वाचूं नयेत ?

तें होऊं शकतें, याचा दाखला आपल्यापुढें आहे. बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ सालीं बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठांत गेले. मुख्य विषय अर्थशास्त्र घेतला. पण त्याबरोबर समाजशास्त्र, इतिहास, मानवशास्त्र यांचाही अभ्यास केला. ९ मे १९१६ रोजीं मानवशास्त्राच्या चर्चावर्गांत त्यांनीं जातिसंस्थेवर निबंध वाचला. प्रश्न त्यांच्या घरचा होता, आणि त्याला लागणारीं हत्यारें त्यांनीं तीन-चार शास्त्रांतून गोळा केलीं. सुतार आधीं काय घडवावयाचें तें ठरवितो, मग पटाशी घ्यावी कीं रंधा तें पाहतो. विषय निवडणाऱ्यानें हेंच करावें. आधीं प्रश्न, मग विषय, मग संस्था.

हें अधिक उघड करून सांगतों. समजा, तुमच्या मुलीला ऊसतोड कामगारांचा प्रश्न छळतो आहे. बीडकडील नवरा-बायकोची जोडी, जिला ‘कोयता’च म्हणतात, मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास कारखान्याच्या मुलखांत जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परतते. आतां पाहा. उचल किती, टनामागें तोडणी किती, कर्ज फिटतें कीं वाढतें, हें तिला काढावयाचें असेल तर तिचा विषय अर्थशास्त्र. कोणत्या जातींचीं, किती जमिनीचीं माणसें जातात, जोडी लागते म्हणून मुलींचीं लग्नें लवकर उरकतात काय, हें पाहावयाचें असेल तर समाजशास्त्र. त्यांच्याच कोपींशेजारीं एक हंगाम राहून त्यांचें बोलणें-चालणें, देवधर्म, दुखणींबाणीं जवळून समजून घ्यावयाचीं असतील तर मानवशास्त्र. बीड जिल्ह्यांतील ऊसतोड बायकांचीं गर्भाशयें काढल्याचा प्रश्न २०१९ सालीं विधिमंडळांत गाजला व चौकशी समिति नेमली गेली. अशा शस्त्रक्रिया कोणत्या वयाच्या किती बायकांवर झाल्या, याची मोजदाद ज्या शास्त्रानें होते तें लोकसंख्याशास्त्र. कायदा कोणीं अडविला, महामंडळ निघालें तर तें कोणाच्या दारापर्यंत पोहोंचलें, हें शोधावयाचें तर राज्यशास्त्र. आणि या शोधापेक्षां त्या कामगारांच्या पोरांच्या राहण्याची व शाळेची सोय लावण्याकडे तिचा ओढा असेल, तर समाजकार्य, म्हणजे एम्. एस्. डब्ल्यू.

सहाही वाटा चांगल्या आहेत, पण त्या निरनिराळ्या गांवीं जातात. विशेषतः समाजशास्त्र आणि समाजकार्य यांची गल्लत आपल्याकडे फार होते. समाजकार्यांत वर्गाइतकेंच महत्त्व क्षेत्रकार्याला. आठवड्यांतून दोन दिवस वस्तींत, रुग्णालयांत किंवा संस्थेंत काम करावें, हा तेथील सर्वसाधारण परिपाठ आहे. समाजशास्त्रांत वाचन, लेखन आणि पाहणी यांवर भर. ज्याला माणसांत काम करण्याची हौस आहे त्यानें एम्. ए. घेतला तर तो ग्रंथालयांत तळमळतो. ज्याला वाचनाची ओढ आहे त्यानें एम्. एस्. डब्ल्यू. घेतली तर क्षेत्रकार्याचा त्याला जाच होतो. दोघांचींही दोन वर्षें जातात, आणि दोष नशिबाला लागतो.

म्हणून पहिली कसोटी घरींच लावा. मुलाला एक कागद द्या आणि म्हणा, "बाळ, तुला काय शोधावयाचें आहे तें दहा ओळींत लिही." लिहितां आलें तर पुढें चला. लिहितां आलें नाहीं तर रागावूं नका. पण फीही भरूं नका. आधीं त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गांवगाडा’ (१९१५), विठ्ठल रामजी शिंद्यांचा ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ (१९३३), इरावती कर्व्यांचें ‘मराठी लोकांची संस्कृति’, अशीं दोन-तीन मराठी पुस्तकें त्याला आणून द्या. यांतील प्रत्येक गोष्ट पटलीच पाहिजे असें नाहीं. वाचतांना जेथें "हें आमच्या गांवीं असें नाहीं" म्हणून तो अडखळेल, तेथें त्याचा प्रश्न सांपडेल.

दुसरी कसोटी विभागाची. विद्यापीठाच्या कमानीकडे पाहूं नका, विभागाच्या आंत जा. अभ्यासक्रमांत संशोधनपद्धति आणि संख्याशास्त्र आहे काय ? स्वतः पाहणी करून प्रबंध लिहावा लागतो काय ? शिकविणारे कायमचे किती आणि तासिका तत्त्वावरचे किती ? मागील विद्यार्थ्यांचे चार प्रबंध मागून वाचावे. ते एकमेकांवरून उतरविलेले दिसले तर तेथून नमस्कार करून निघावें. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना चहा पाजून विचारावें, तीं खरें सांगतात. आणि इंग्रजीचा बाऊ करूं नये, पण तिच्याकडे पाठही फिरवूं नये. या शास्त्रांतील बहुतेक ग्रंथ इंग्रजींत आहेत. ते वाचतां आले पाहिजेत. जें शोधलें तें मराठींत लिहितां आलें पाहिजे, नाहींतर ज्यांच्याविषयीं लिहिलें त्यांना तें कधींच कळणार नाहीं.

संस्था म्हणाल तर महाराष्ट्रांत वाण नाहीं. मुंबई, पुणें, कोल्हापूर, छत्रपति संभाजीनगर येथील विद्यापीठांत समाजशास्त्राचे विभाग आहेत. पुण्याच्या विद्यापीठांतच स्त्री-अभ्यासाचें केंद्र आहे. तेथें शर्मिला रेगे यांनीं २०१३ सालीं निधन होईपर्यंत जात आणि बाई यांचा प्रश्न एकत्र शिकविला. मुंबईस देवनार येथें १९३६ सालीं निघालेली टाटा समाजविज्ञान संस्था आहे. तिचें एक आवार तुळजापुरास आहे. लोकसंख्याशास्त्रासाठीं देवनारलाच १९५६ सालीं निघालेली आंतरराष्ट्रीय संस्था आहे. अर्थशास्त्रासाठीं पुण्याची गोखले संस्था १९३० पासून आहे. घर सोडतां येत नाहीं अशांना इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठांतून घरबसल्या समाजशास्त्राचा एम्. ए. करतां येतो, नोकरी किंवा शेत सांभाळणाऱ्या सुनेला हा मार्ग कमी प्रतीचा समजूं नये.

एक गोष्ट मात्र गांठीं बांधा. टाटा संस्था आणि दिल्ली-हैदराबादकडील केंद्रीय विद्यापीठें ‘सीयूईटी-पीजी’ या प्रवेशपरीक्षेवाटे विद्यार्थी घेतात. तिचे अर्ज हिवाळ्यांतच निघतात आणि परीक्षा मार्चच्या सुमारास होते. बी. ए. चा निकाल लागल्यावर जागा होणाऱ्याची ही गाडी केव्हांच निघून गेलेली असते. शेवटच्या वर्षाची दिवाळी झाली कीं चौकशीला लागावें. नव्या धोरणाप्रमाणें चार वर्षांची पदवी केलेल्यास एम्. ए. एका वर्षांत, व तीन वर्षांची केलेल्यास दोन वर्षांत, हाही हिशेब आधींच मांडावा.

तिसरी कसोटी पोटाची. ती लपविण्यांत अर्थ नाहीं. समाजशास्त्राचा एम्. ए. झाला कीं नोकरी दारांत उभी राहते, असें कोणी सांगेल तर तो थाप मारतो. कॉलेजांत शिकवावयाचें तर एम्. ए. नंतर नेट किंवा सेट ही परीक्षा द्यावी लागते. नेटसाठीं एम्. ए. ला शेंकडा ५५ गुण लागतात, राखीव वर्गांस ५०. म्हणून नुसतें पास होऊन भागत नाहीं. या परीक्षेंत समाजशास्त्र आणि समाजकार्य हे निरनिराळे विषय आहेत, हेंही ध्यानांत ठेवावें. नेटमध्यें वरच्या श्रेणींत आल्यास संशोधनासाठीं अधिछात्रवृत्ति मिळते. १ जानेवारी २०२३ पासून ती पहिलीं दोन वर्षें दरमहा ३७,००० रुपये ठरली आहे. शेतकऱ्याच्या घरांत हा कांहीं लहान आंकडा नव्हे. पण कॉलेजांतील कायम जागा थोड्या व धीम्या भरतात, आणि तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षें राबणारे आपल्याच तालुक्यांत सांपडतील. त्यांनाही भेटा, म्हणजे नाण्याची दुसरी बाजू कळेल. पाहण्या करणाऱ्या संस्था, ग्रामविकासाचीं कामें, आरोग्याच्या योजना यांत या मुलांना काम मिळतें; पण तें त्यांना, ज्यांना प्रश्नावली करतां येते, आंकडे लावतां येतात आणि शिवारांत जाऊन माणसाशीं बोलतां येतें.

आणखी एक रोग हल्लीं बोकाळला आहे. मुलाला स्पर्धापरीक्षा द्यावयाची असते, आणि शहरांत राहण्याला निमित्त म्हणून तो एम्. ए. ला नांव घालतो. पदवी ही परीक्षेची वाट पाहण्याची धर्मशाळा होते. केंद्रीय सेवापरीक्षेस बसण्यासाठीं साधी पदवी पुरते, एम्. ए. लागत नाहीं. त्या परीक्षेंत समाजशास्त्र हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय घेतां येतो, तोही एम्. ए. न करतां. मग ज्याला परीक्षा द्यावयाची आहे त्यानें ती उघडपणें द्यावी. विभागांतील जागा, जिच्यावर दुसरें एखादें खरें शिकणारें पोर बसलें असतें, ती अडवूं नये.

चौथी कसोटी खर्चाची. या पदवीसाठीं जमीन गहाण टाकूं नये, ही आमची स्पष्ट शिफारस आहे. सरकारी विद्यापीठांची फी झेपण्यासारखी असते. कंबर मोडते ती खोलीनें आणि खाणावळीनें. म्हणून वसतिगृह मिळेल तीच जागा पसंत करावी. महाडीबीटीवरची शिष्यवृत्ति वेळेवर भरावी. त्यासाठीं जातीचा व उत्पन्नाचा दाखला उन्हाळ्यांतच काढून ठेवावा. पुढें संशोधनास बार्टी, सारथी, महाज्योति या संस्था आपापल्या समाजघटकांस साहाय्य देतात; त्यांच्या अटी दरसाल नव्यानें पाहाव्या. ज्या खासगी विद्यापीठाची जाहिरात मोठी आणि फी लाखांत, तेथें मुलाला धाडण्यापूर्वीं पहिल्या तीन कसोट्या पुन्हां लावा.

आणि मुलींविषयीं एक शब्द. बी. ए. पर्यंत शिकविली, आतां पुरे, असें म्हणणारीं घरें आम्हांला ठाऊक आहेत. पण ज्या प्रश्नांचीं उत्तरें चुलीजवळ दडलेलीं आहेत तीं पुरुषाला कोण सांगणार ? कोण उपाशी निजतें, औषधाचा पैसा कोणासाठीं निघतो व कोणासाठीं निघत नाहीं, हें बाईच बाईला सांगते. घरांतून एकालाच धाडण्याची ऐपत असेल आणि ओढ मुलीची अधिक असेल, तर मुलीलाच धाडा.

आतां जें अवघड आहे तें सांगतों. या शास्त्राची धार दोन्हीकडे आहे. श्रीनिवासांनीं ‘प्रभावी जात’ अशी एक संज्ञा रूढ केली : गांवांत जिच्याकडे संख्या, जमीन आणि सत्ता, ती जात धर्माच्या उतरंडींत कोठेंही असो, गांव तिच्या शब्दानें चालतें. तुमचें पोर हें शिकून सुटींत घरीं येईल आणि विचारील, "आबा, आपल्या विहिरीवर पूर्वीं कोणाला मज्जाव होता ? आपल्या बांधावर मजुरी करणाऱ्यांना आपण काय देतों ? आत्याला जमिनीचा वांटा कां दिला नाहीं ?" तेव्हां त्याला "शिकून शेफारलास" म्हणून गप्प बसविणार असाल, तर त्याला धाडूंच नका. दुसऱ्यानें आपल्यावर केलेला अन्याय मोजावयाचा आणि आपण दुसऱ्यावर केलेला मोजावयाचा नाहीं, असें माप या शास्त्रांत चालत नाहीं. आणि खऱ्या चळवळींतही चालूं नये.

हें सर्व आजच सांगण्याचें कारण आहे. या देशांत सर्व जातींची शिरगणती होऊन तिचे आंकडे छापले गेले ते १९३१ च्या खानेसुमारींत. ३० एप्रिल २०२५ रोजीं केंद्र सरकारनें पुढील जनगणनेंत जात मोजण्याचा निर्णय घेतला, आणि तिची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ठरली. कोणाकडे काय आहे व काय नाहीं, यावर पुढें कित्येक वर्षें वाद होतील. शाळा, नोकऱ्या, निधी यांचे निर्णय त्या आंकड्यांच्या आधारें मागितले जातील. आंकडे आपल्या घरांतून जातील. पण त्यांचा अर्थ लावणारे, त्यांतील खोट दाखविणारे, आणि तो अर्थ गांवच्या पारावर मराठींत समजावून सांगणारे जर आपल्या घरचे नसतील, तर शंभर वर्षांपूर्वींप्रमाणेंच आपण मोजले जाणारेच राहूं.

म्हणून बंधुभगिनींनो, ज्या घरांत यंदा कोणी बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला आहे, त्या घरानें येत्या दिवाळींत चार माणसें बसून विचार करावा. कागदावर दहा ओळी लिहवून घ्याव्या, दोन विभाग पाहून यावे, खर्चाचा हिशेब मांडावा. आणि ज्यांच्या घरीं असें कोणी नाहीं, त्यांनीं शेजारच्या हुशार पण हात आखडलेल्या मुलीची खाणावळ चार घरांत वांटून घ्यावी. बी-बियाण्यासाठीं आपण एकमेकांना उसनवार देतोंच. हेंही त्याच हिशेबांत धरावें.